लोखंडातून काय जातं?

“वस्तुपाठात वस्तू कुठं आहे?”

मोठ्या मास्तरांनी भरल्या वर्गात विचारलं. वस्तू खाली अंगणात पडली होती. पालथी. पितळेचा तांब्या होता, आईनं चिंच लावून घासलेला. त्यातलं पाणी मातीत जिरून गेलं होतं. मी तांब्या ओसरीवर ठेवला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात शाळेचा शिपाई आला आणि त्यानं वहाणेच्या टोकानं तो खाली लोटला. हात लावला नाही. लावणार कसा?

माझा पाठ पाण्यावर होता. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पुस्तकात छापलं होतं, मुलांना पाणी पाहू द्यावं, हुंगू द्यावं, चाखू द्यावं. मी अडाण्याचा अडाणी! पुस्तकात छापलंय म्हणून तांब्या भरून घेऊन गेलो. महाराच्या तांब्यातलं पाणी तळेगावच्या पोरांना चाखायला द्यायला निघालो होतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं माझा विचार केलेला नव्हता, आणि मीही केलेला नव्हता.

“मास्तर, वस्तू आणली होती,” मी म्हणालो.

“मुलांपुढं होती का?”

“नव्हती.”

“मग झालं तर. वस्तुपाठ आहे आणि वस्तूच नाही. नापास.”

वर्ग हसला. बाकीचे उमेदवार, म्हणजे माझ्यासारखेच मास्तर व्हायला आलेले, तेही हसले. मी अंगणात उतरलो, तांब्या उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसताना डोळ्यांत पाणी आलं. त्याला मात्र चव होती. खारट.

दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची ही गोष्ट. लोहगडाच्या पायथ्याला आमची वाडी, आणि वाडीपासून फटकून आम्हा महारांची घरं. बाप गावकीचं काम करायचा. मेलेलं ढोर ओढायचं, गावोगाव सांगावे पोचवायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. मी सातवी पास झालो तेव्हा आमच्या वस्तीला आभाळ ठेंगणं झालं. वस्तीत एक तक्क्या होता, आमचे पंच जिथं बसायचे ती जागा. तिथं मी शाळा चालू केली. पोरं यायला लागली. शेंबडी, उघडी, पण यायला लागली. मग वरून हुकूम आला की शिकवणारा ट्रेनिंग पास पाहिजे, नसेल तर शाळा बंद करा. गावातल्या मराठी शाळेत आमच्या पोरांना कुणी पायरी चढू देत नव्हतं. म्हणजे मी पास झालो तर पोरं शिकणार, मी नापास झालो तर पोरं ढोरांमागं जाणार. दुसरी वाट नव्हती.

तळेगावच्या शाळेत तेव्हा ट्रेनिंगचा वर्गही चालायचा, आणि शाळेतल्या मुलांपुढं उमेदवारांनी पाठ द्यायचे. मी तिथं गेलो तेव्हा मोठ्या मास्तरांनी मला ओसरीच्या खाली उभं केलं आणि सांगितलं, “सरकारचा हुकूम आहे म्हणून तुला घेतलाय. तू उंबऱ्याबाहेर उभा राहून शिक आणि उंबऱ्याबाहेर उभा राहूनच शिकव. सरकारचंही राहिलं, गावाचंही राहिलं.”

माझं काय राहिलं, ते कुणी बोललं नाही. मी “जी” म्हणालो.

तर असं माझं शिकणं. आत बाकीचे उमेदवार सतरंजीवर, मी ओसरीत खिडकीखाली. पाठ द्यायची पाळी आली की मी दारात उभा राहायचो, मुलं आत, आणि फळ्यावर माझ्या बदल्यात दुसरा उमेदवार लिहायचा. मी म्हणायचो ‘बाष्प’, तो लिहायचा ‘भाष्प’, आणि चूक माझ्या नावावर पडायची. शुद्धलेखनात कच्चा, असा शेरा मला मिळाला. खडूला बोट न लावता! हसावं का रडावं?

पण एक सांगतो, कारण ते खोटं सांगून मला काही मिळवायचं नाही. मोठे मास्तर शिकवायला पक्के होते. असा गुरू मला पुन्हा भेटला नाही. खिडकीतून त्यांचा आवाज यायचा आणि मी जीव कानात गोळा करून बसायचो. ते म्हणायचे, “सृष्टिशास्त्र सांगायचं नसतं. आधी विचारा. मग थांबा. मुलाला अंदाज करू द्या. मग दाखवा. सांगणं सगळ्यात शेवटी.” आणि म्हणायचे, “मुलाचं उत्तर चुकलं तर हसू नका, खेकसू नका. तपासा. त्याच्यासमोर तपासा. त्याच्या डोळ्यांनी त्याला चूक दिसू द्या.”

मी हे गाठीला बांधलं. देवाचं वचन असल्यासारखं बांधलं. तिथंच माझा घात झाला.

शनिवारी मी मळवलीला उतरून वाडीवर जायचो आणि रविवारी तक्क्यातल्या पोरांवर आठवड्याचं सगळं करून बघायचो. आधी मी कसा शिकवायचो? “उष्णता ही एक शक्ती होय.” पोरं ओरडायची, “होऽऽय!” बाकीचं वाक्य कुणालाच ठाऊक नाही, सगळ्यांचा जोर त्या ‘होय’वर. आता मी विचारायला लागलो. “चुलीवरच्या कालवणात लोखंडाची पळी राहिली तर काय होतं?”

“हात पोळतोय, गुर्जी.”

“आणि लाकडाची असली तर?”

“न्हाई पोळत.”

“का?”

गप्प. सगळी पोरं गप्प. एक जण डोकं खाजवतोय, एक जण बोट तोंडात घालून वर बघतोय. ती शांतता मला इतकी गोड लागली म्हणून सांगू! आत काहीतरी हलत होतं. मी थांबलो. मग एक पोरगी म्हणाली, “लाकडात ऊन शिरत न्हाई.” ऊन म्हणजे ऊब. मला वाटलं, पोरीला उचलून नाचावं.

लोणावळ्याला माझा मामा रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, होता. त्याच्याकडून भंगारातली एक लोखंडी सळई आणली. रानातल्या पोळ्याचं मेण घेतलं. सळईवर मेणानं ओळीत हरभरे चिकटवले आणि एक टोक चिमणीच्या जाळावर धरलं. जाळाजवळचा हरभरा टपकन पडला. मग त्याच्या पलीकडचा. मग त्याच्या पलीकडचा. उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण चालताना दिसली. पोरं किंचाळली. “आला! आला! आता ह्यो पडतोय!” लाकडाच्या काठीवर तेच केलं, तर काठी जळायला लागली तरी पलीकडचा हरभरा जागच्या जागी. त्या दिवशी मला वाटलं, आपण मास्तर झालो. कागद मिळायचा तेव्हा मिळो.

पाण्याचा पाठ बुडाल्यावर मोठे मास्तर म्हणाले होते, “आणखी एक संधी देतो. ह्यात गेलास तर नाव काढून टाकीन.” मी हाच पाठ निवडला. यात खायचं काही नाही, प्यायचं काही नाही. कुणाला शिवायचं नाही. दारात एक बाकडं टाकायचं, त्यावर सळई आणि चिमणी. मी बाहेर, मुलं आत, सगळ्यांना दिसेल. कुणाच्या बापाला नाव ठेवायला जागा नाही. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

पाठ सुरू झाला. हरभरे पडायला लागले आणि वर्ग पुढं सरकला. मागची मुलं गुडघ्यांवर उभी राहिली. मोठे मास्तर खुर्चीत बसून हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि त्यांचा चेहरा खुलला होता. मी चोरून पाहिलं. वाटलं, तरलो.

मग मी हरभरे, चिमणी बाजूला केली आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, “आता सांगा, कशाकशातून जाते आणि कशातून जात नाही?”

मथूनं हात वर केला. चौथीतली पोरगी. दोन वेण्या, चटपटीत डोळे. गावातल्या वजनदार घरातली. घरात कडक सोवळं.

“लोकरीतून जात नाही,” ती म्हणाली.

“बरोबर.”

“लाकूड कोरडं असलं तर जात नाही. ओलं असलं तर थोडा थोडा जातो.”

मोठे मास्तर म्हणाले, “शाबास!” कारण हे पुस्तकातही नव्हतं.

“आणि लोखंडातून?”

“लोखंडातून जातो. लगेच जातो.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ‘जाते’ म्हणत होतो. ती ‘जातो’ म्हणत होती. उष्णता जाते. मग हिचं काय जातो?

“काय जातो, बाळ?” मी विचारलं.

“विटाळ.”

सगळी उत्तरं बरोबर होती पोरीची! तिच्या आजीनं शिकवलेली. लोकरीच्या धाबळीला विटाळ नाही, कोरड्याला चालतं, ओल्याला चालत नाही, धातूला लागतो. तिनं ती जशीच्या तशी माझ्या प्रश्नाला लावली होती. तिची काय चूक? तिच्या घरात एवढंच सृष्टिशास्त्र होतं, आणि ते तिला पाढ्यासारखं पाठ होतं.

वर्ग खो-खो हसला. मोठे मास्तरही हसले. चष्मा काढून डोळे पुसायला लागले. त्यांच्या नियमाप्रमाणे हसायचं नव्हतं, पण हसले. मी हसलो नाही. मथूचा चेहरा उतरला होता. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, आणि ती माझ्याकडं बघत होती. मास्तरकडं बघावं तशी बघत होती.

मी बंड करायला उभा राहिलो नव्हतो. आईची शपथ. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मुलाचं उत्तर आहे, तपासायचं.

सळई राखेत घोळवून, पुसून गार केली होती. तिचं एक टोक मी मुठीत धरलं आणि दुसरं उंबऱ्यावरून आत केलं.

“आपण बघू या,” मी म्हणालो. “मी इकडून धरलंय. तिकडून कोण धरतं?”

हसणं एकदम थांबलं. सळई माझ्या हातात तशीच. मला वाटलं ती आता परत घ्यावी. तेवढ्यात मथू उठली. आली आणि तिनं टोक धरलं. घट्ट. डोळे मिटून.

“काय वाटतं?”

“गार.”

“आणखी?”

ती थांबली. नीट शोधत होती पोरगी, हातात, मनगटात, दंडात. मग तिनं डोळे उघडले आणि तिला हसू फुटलं. “काही नाही, गुरुजी! काहीच नाही आलं!”

गुरुजी. त्या शाळेत मला त्याआधी कुणी गुरुजी म्हटलं नव्हतं. “ए” म्हणायचे. “अरे” म्हणायचे.

मोठ्या मास्तरांची खुर्ची मागं पडली. “सोड ते!” ते ओरडले. मला नाही, तिला. शिपायानं तिला बखोटीला धरून विहिरीकडं नेलं. ती माझ्याकडं वळून वळून बघत होती.

संध्याकाळपर्यंत गावात आग लागली. महारानं बामणाची पोर बाटवली. मथूचे वडील चार माणसं घेऊन शाळेवर आले. मी मागच्या चिंचेखाली बसून होतो. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. पण मोठ्या मास्तरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मला बोलावलं.

ते रागावले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“हे बघ,” ते म्हणाले. “पाठ उत्तम होता. उगाच नाही म्हणत नाही. मी तुला पास करतो. सोमवारी त्याच वर्गापुढं उभा राहा आणि सांग, परवाचा प्रयोग चुकला, लोखंडातून विटाळ जातो. एवढं एक वाक्य. तिचे वडील समोर असतील. त्यांचं समाधान झालं की विषय मिटला.”

“मास्तर, पण जात नाही.”

“मला ठाऊक आहे जात नाही,” ते म्हणाले. अगदी सावकाश म्हणाले. “तुला वाटतं मला ठाऊक नाही?”

हे मी आयुष्यभर विसरलो नाही. त्यांना ठाऊक होतं! अडाणी असते तर मी क्षमा केली असती.

वाडीवर गेलो. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मंग म्हन की.”

“आई, खोटं आहे ते.”

“आरं लेका, आपून जलमभर काय खरं बोलतोय व्हय? जोहार मायबाप म्हनतो, त्ये खरं हाय? त्यो पाटील आपला मायबाप हाय? त्यात आनि येक. तोंडाला काय झिज लागतीया?” मग तिचा आवाज बारीक झाला. “ती पोरं बघ तक्क्यात. त्यांच्या तोंडाकडं बघून म्हन.”

बाप दारात बसून होता. तिथूनच म्हणाला, “साळा गेली तर माज्यामागं तुलाच दोर घ्यावा लागंल. माजं कंबरडं आता ऱ्हायलं न्हाई.”

रविवारी पोरं तक्क्यात आली. “गुर्जी, झाला का पाठ? हरभरं पडलं का?” मी म्हणालो, पडले. एकाला वाटलं मी पास झालो, आणि सगळ्यांनी उड्या मारल्या. मी त्यांना थांबवलं नाही. मला थांबवता आलं नाही. त्यांच्याकडं बघून मी ठरवलं, म्हणून टाकायचं. एक वाक्य. थुंकी गिळावी तसं गिळायचं. रात्री झोप लागली नाही. ते वाक्य तोंडात घोळवत राहिलो. लोखंडातून विटाळ जातो. लोखंडातून विटाळ जातो. पाठ करायला आधी कुठलंच वाक्य इतकं जड गेलं नव्हतं.

सोमवारी तळेगावला गेलो ते म्हणायचं ठरवूनच. वर्ग चिडीचूप. खुर्चीत मथूचे वडील, शेजारी मोठे मास्तर. मथू पुढं बसली होती, शालीत गुंडाळलेली. ओठ सुकलेले. मी दारात उभा राहिलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, “आधी पोरीला बोलू द्या. मुलांना कळू दे काय होतं ते. सांग गं.”

मथू उभी राहिली. पाढा म्हणावा तसं म्हणाली, “लोखंडातून विटाळ जातो. मी धरलं म्हणून मला ताप आला.”

वर्गातून “हंऽऽ” असा आवाज निघाला. पुराव्याचा आवाज. मुलांना पटलं होतं! परवा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं पुसून गेलं होतं. त्यांच्यापुढं आता ताप होता, शाल होती, सुकलेले ओठ होते. मोठ्या मास्तरांनी मला खूण केली. बोल.

मला माझं वाक्य आठवत होतं. आई आठवत होती, तक्क्यातल्या उड्या आठवत होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि समोर ती पोरगी. तिला खोटं शिकवलं नव्हतं, खोटं भोगायला लावलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“मथू, ताप कधी आला?”

तिनं वर पाहिलं.

“सळई धरल्यावर लगेच आला का?”

“नाही.”

“मग त्या दिवशी काय काय झालं, ओळीनं सांग.”

“विहिरीवर आंघोळ घातली. घरी हौदाच्या पाण्यानं पुन्हा घातली. ओल्या परकरानं तुळशीपाशी बसवलं. अंधार पडेपर्यंत.” पौषातली थंडी. आमच्या मावळात पौषात दव गोठतं. “मग हुडहुडी भरली. मग ताप.”

“मग तुला काय वाटतं? ताप कशानं आला?”

पुन्हा ती गप्प. माझ्या तक्क्यातली ती शांतता. तिचे डोळे हलले. तिला कळत होतं, देवाशपथ सांगतो, तिला कळत होतं. तिनं तोंड उघडलं आणि वडिलांकडं पाहिलं, आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी वर्गाकडं वळलो. “मुलांनो, परवाचा प्रयोग बरोबर होता. लोखंडातून उष्णता जाते. विटाळ जात नाही, कारण विटाळ असं काही नसतं. तुमच्या मोठ्या मास्तरांनाही हे ठाऊक आहे. विचारा त्यांना.”

मोठे मास्तर खाली बघत होते. मथूचे वडील उठले आणि मग सगळाच गोंधळ उठला. शिपायानं काठीचं टोक माझ्या बरगडीला लावून मला ओसरीवरून उतरवलं. कोरडं लाकूड. त्यालाही शास्त्र ठाऊक होतं.

माझं नाव त्याच दिवशी कटलं. तक्क्यातली शाळा बंद झाली. फळा उचलायला माणूस आला तेव्हा आई त्याच्या पाया पडली. मी तिला धरून उठवलं तर तिनं माझा हात झिडकारला. “वाटुळं केलंस,” म्हणाली. “सगळ्यांच्या पोरांचं वाटुळं केलंस.” मथूचं नावही शाळेतून काढलं. हे मला एका उमेदवारानं लोणावळ्याच्या फलाटावर सांगितलं, आणि वर म्हणाला, “तुझ्यामुळं एक मुलगी शिकायची राहिली.” मी त्याला म्हणालो, “तिला ओल्या कपड्यात बसवणारे हात माझे नव्हते.” पण ती रडताना दिसते. अजून दिसते. त्यावर मला काही औषध सापडलेलं नाही.

मग आमच्या घरांसमोरच्या माळावर पाटलाचा रेडा मेला. गडी सांगायला आला. बाप अंथरुणात होता, तेव्हा गडी मला म्हणाला, “चल रं. दोर घे.”

“मी येत नाही.”

“येत न्हाई म्हंजी? महाराचंच काम हाय त्ये.”

“कशावरून?”

“आँ?”

“कशावरून ते महाराचं काम आहे? दाखव मला.”

“दाखव काय दाखव? पयल्यापास्नं हाय!”

“ते सांगणं झालं. मी दाखव म्हणतोय.”

तो गेला. आतून बाप म्हणाला, “जा रं बाबा, जा. पाया पडतो तुज्या.” त्याचं रडणं ऐकत मी उंबऱ्यावर बसून राहिलो. गडी परत आला तो आणखी चौघांना घेऊन. त्यांनी मला घरासमोर, आईसमोर, शाळेतल्या पोरांसमोर मारलं. माझ्या डाव्या खांद्याचं हाड तेव्हापासून वर आलेलं आहे. मार खाताना मी त्यांना विचारत होतो, कशावरून? त्यातला एक तरणा गडी मारता मारता थबकला. मग बाकीच्यांकडं बघून त्यानं पुन्हा हात उगारला.

शेवटी रेडा त्यांनीच ओढला. दोराला हात लावला तेव्हा त्यांचे हात झडले नाहीत. पोरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मी त्यांना पाहायला लावलं. खाली मातीत पडल्या पडल्या म्हणालो, बघा, नीट बघा, आणि कुणी तुम्हाला उद्या दुसरं काही सांगितलं तर त्याला विचारा.

तिथंच मी ठरवलं, आता कुणाचा पास मागणार नाही. लोणावळ्याच्या यार्डात कोळसा उचलीन, आणि सुट्टीच्या दिवशी पोरं घेऊन बसेन. झाडाखाली बसेन, रस्त्यात बसेन. हुसकलं तर पुढच्या वस्तीत बसेन. त्यांना विचारायला शिकवीन. पाटलाला विचारा, भटाला विचारा, आईबापाला विचारा. मलाही विचारा. मार पडेल. पडू दे. हाडं मोडतील, ती जुळतील नाहीतर नाही जुळणार. पण जो कुणी समोर येऊन सांगेल की हे असंच आहे, त्याला दाखवावं लागेल, आणि दाखवेपर्यंत मी त्याच्या वाटेतून उठणार नाही.